कवडूच्या कपाशीतलं गायरान

आमच्या नागपूरच्या ऑफिसात साहेब तीन होते आणि शहाणा एकच, कवडू खलाशी. हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. खलाशी म्हणजे जमिनीच्या मोजणीची साखळी ओढणारा; वीस वर्षं त्यानं ती ओढली. शनिवारी एसटीनं गावी जायचा, शेत बघायचा, सोमवारी हजर. चौऱ्याऐंशीत उपग्रहाचे फोटो आले, तेव्हा मी, नकाशे काढणारा बाबू, त्याला एकदाच सांगितलं की यात हिरवं पीक लाल दिसतं आणि वाळलं गवत फिकट. महिन्याभरात गडी माझ्याच चुका काढायला लागला. राग यायचा, पण चूक माझीच असायची.

त्याचं गाव नरखेडकडलं. त्या गावाचे अकरा वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर कवडूच्या शेतापुढचं चिंचोळं गायरान निम्मंच उरलेलं. कवडूचं डोकंच फिरलं. चारा नाही म्हणून त्याच्या मायची, पार्वतीबाईची, शेवटची गाय येत्या बाजारात विकायची ठरली होती. म्हातारी आठ दिवस धड जेवली नव्हती. गायरानापलीकडच्या चंपतरावानं सगळं गिळलं, असं कवडूचं ठाम मत. खरंखोटं बघायला आम्ही जीपनं निघालो, तर काटोल येईपर्यंत त्यानं चंपतरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

गावात पोचल्यावर जुना नकाशा उघडला आणि हद्दीच्या दगडापासून साखळी टाकली. चंपतरावाचं शेत दीड साखळी गायरानात निघालं. कवडूची छाती फुगली. मग अलीकडली बाजू मोजली. तिथं साखळी कवडूच्याच कपाशीत शिरली, आणि भरली पावणेदोन.

आता यात नवल काही नव्हतं. दरसाल नांगरताना धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या आठ-दहा तासांइतका पुढं सरकवायचा, हा तिथला रिवाजच. सगळेच सरकवतात, माझ्या एवढ्याशानं काय होते, असं जो तो म्हणायचा. कवडूही तेच म्हणत आला होता.

पार्वतीबाई तिथंच गाय चारत होती. जवळ येऊन तिनं विचारलं, "फोटोत चोर दिसला का गा?"

मी कागदात तोंड खुपसलं. मला तर वाटलं, आता हा टाळणार.

"दिसला, माय," कवडू म्हणाला. "चंपतराव आहे. अन् त्याच्याहून जास्त मीच आहो."

म्हातारी रडेल असं मला वाटलं. कुठलं काय! तिनं गायीची दोरी सोडली आणि तिला सरळ बोंडं फुटलेल्या कपाशीत हाकललं.

"माय, काय करून राहिली?"

"हे गायरान आहे नं? मंग चरू दे तिले. बाजारात नाही न्यायची आता."

कवडू गायीला वळवायला धावला, दोन पावलांवर थांबला. उभं पीक जात होतं, माझाच जीव तुटला. तो मागं फिरला, खाली बसून साखळी गोळा करायला लागला.

"लिहा बाबूजी, पावणेदोन," तो म्हणाला.