शेपटीवर बसलेलं विमान

आमच्या मजल्यावर बातमी पसरली होती की माझी मावशी नोकरी सोडून विमान बांधतेय आणि ते गच्चीवरून उडवणार आहे. बातमीचा उगम समोरच्या काकू. त्यांचं बोलणं कुजबुजत सुरू होतं आणि तळमजल्यापर्यंत ऐकू जातं. "मी काही म्हणत नाही हं, पण पंखे आणलेत तिने. दोन." ही नक्कल मला झोपेतही जमते; मजल्यावरच्या सगळ्यांच्याच मी करतो.

पंखे खरे होते. एकेक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. नोकरीही शाबूत होती. मावशी दातांच्या लॅबमध्ये गेली तीस वर्षं कवळ्या बनवते. आणि विमान म्हणजे महायुद्धातल्या एका बॉम्बफेकी विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, दीड वीत लांब, सुटे भाग जोडून करायचं. ती आणि मामा लहान असताना त्यांनी ते अर्धं जोडलं, चाकांवर उभं केलं, आणि विमान नाक वर करून शेपटीवर बसलं. अशा विमानाच्या नाकात आधी वजन भरायचं असतं. इथे न भरताच नाक चिकटवलेलं.

खोकं माळ्यावर गेलं, घराला मात्र एक शब्द मिळाला. आमच्याकडे कोणी पाणी न घालता कुकर लावला की तो "शेपटीवर बसला". आणि मूळ गुन्हेगार म्हणून पंचेचाळीस वर्षं मामाचा उद्धार.

"नाग मी जिगडवलं होदं," मावशी एका दुपारी म्हणाली. दातांत चिमटा होता. तो काढून तिने पुन्हा सांगितलं, "नाक मी चिकटवलं होतं. बोलणी त्याने खाल्ली."

"आणि तू गप्प?"

"तो गप्प, म्हणून मी गप्प. रविवारी येतोय. त्याच्यासमोर हे तीन चाकांवर उभं राहिलं की सांगणार."

"नाही राहिलं तर?"

"मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, नाक कापून उघड. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाचा चांगला दात उपटायला निघालोय. "जुनं प्लास्टिक आहे, बिस्किटासारखं तुटेल. दात काढायचा नाही, भरायचा." पुढच्या चाकाच्या खाचेत तिने बारीक भोक पाडलं आणि चिमट्याने शिशाचे छर्रे आत सोडू लागली. दर छर्ऱ्यामागे गोंदाचा थेंब, मग विमान कानाशी धरून हलवायचं. "वाजतोय. वाजतोय. हं, बसला."

शनिवारी नाक गच्च भरलं. विमान टेबलावर ठेवलं आणि ते आरामात शेपटीवर बसलं.

"उद्याही असंच बसणार," मी म्हटलं. "पैज. मी जिंकलो तर मामासमोर तुझी नक्कल, चिमट्यासकट."

"आणि हरलास तर आठवडाभर कोणाचीच नक्कल नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं."

रविवारी सकाळी पाहतो तर ती इंजिनं भरत बसलेली. दोन्ही इंजिनं मागच्या चाकांच्या पुढे येतात, आणि पंखे लावायचे राहिल्यामुळे त्यांची तोंडं उघडीच होती. हे काल मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं असणार.

मामा आला. मावशीने विमान टेबलावर ठेवलं आणि बोट काढून घेतलं. शेपटी जरा खाली झुकली, थांबली, आणि पुढचं चाक टक करून टेकलं.

मामाने वाकून पुढच्या चाकाखाली पाहिलं.

"नाक मी चिकटवलं होतं रे," मावशी म्हणाली.

"माहितीये. पण नाकात भरायचे छर्रे तेव्हा माझ्याकडे दिले होते ना."

"मग?"

"बेचकीने उडवले. सगळे." मामाने चष्मा पुसला. "तू विचारशील म्हणून घाबरून होतो. तू विचारलंच नाहीस."

मावशी इतकी हसली की टेबल हललं. विमान तसूभर हललं नाही.

संध्याकाळी दार उघडून मी समोरच्या काकूंना साध्या आवाजात म्हटलं, "या ना, आत या." त्या दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "आज कोणाची करतोयस रे? ओळखू येत नाहीये."