शिव्या गाळून सांगितलेला पिक्चर

इंग्लंडात गरीब माणसं असतात हे माझ्या सासूबाईंना एका मंगळवारी दुपारी कळलं आणि त्यांना ते खरंच वाटेना. "गोरीच हायत ना गं ही?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

पिक्चर लेकीने लावला होता. तिने माझ्याशी बोलणं सोडलं त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. दोष माझाच होता. मी शाळामास्तरीण. बारावीचा निकाल लागला की आमच्या पोशीर गावातल्या निम्म्या पोरांचे कॉलेजचे फॉर्म आमच्या ओटीवर बसून मीच भरते. "काय शिकायचंय रं तुला?" असं प्रत्येकाला विचारते, आईबाप मध्ये बोलले तर त्यांना गप्प करते, आणि मग भरते. यंदा त्याच झपाट्यात लेकीचाही भरून टाकला, कर्जतला, बी.एस्सी.साठी. तिला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मुद्दामच विचारलं नाही. तिला पुण्याला जाऊन कॅमेरा शिकायचा होता, तिथली प्रवेश परीक्षाही ती पास झाली होती, आणि येणार की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचं होतं.

मंगळवारी सकाळी ती भिंतीकडे बघून म्हणाली, "सगळ्यांनी माझ्याबरोबर एक पिक्चर बघा. मग काय ते ठरवा."

सगळे म्हणजे मी, सासूबाई आणि माझे धाकटे दीर. दीर माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात, आणि मंगळवारी तिकडे गिऱ्हाईक नसतं म्हणून खाली घरी आले होते. नवरा ड्युटीवर होता. तो अशा वेळी नेमका ड्युटीवरच असतो.

पिक्चरमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी होती. समुद्राकाठचं करडं गाव, आई लॉन्ड्रीत कामाला, आईचा एक तापट मित्र. मुलगी चालत राहायची. जिना चढायची, जिना उतरायची, कुणाच्या तरी दारावर लाथ मारायची. गाणं नव्हतं. दिरांनी अर्धा तास वाट पाहिली आणि मग मत दिलं, "वहिनी, कॅमेरा धरणाऱ्याचा हात लय हलतोय. पोरीला पाठवाच. यांना माणसं पायजेत."

मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. ते शेंगदाणे खाऊ लागले.

सासूबाईंचं लक्ष वेगळीकडेच. "भिंतीला ओल बघ. त्या मित्राला सांगावं, बसून खातोयस तर जरा चुना मार." मग डोंगर दिसला तेव्हा, "एवढं पाणी, एवढं हिरवं, आन् भात कुणी लावत नाय?" मग शेवटी, फारच दुखल्यासारखं, "ही पोर मघापासून बाहेरून येतेय, आतून जातेय, तिला जेवलीस का म्हणून एकानं इचारलं नाय."

ते मात्र मलाही लागलं. अकरा दिवस मी ताट वाढून टेबलावर ठेवत होते, विचारत नव्हते.

आता भाषेचं. त्या लोकांचं इंग्रजी इंग्रजीच्या मास्तरांनाही कळलं नसतं, त्यामुळे खाली इंग्रजीत ओळी येत होत्या. त्या मी वाचत होते. सासूबाई आणि दीर यांच्यासाठी लेक मराठीत सांगत होती. अडचण एवढीच की दर वाक्यात दोन शिव्या, आणि त्याही अशा की काहींचा अर्थ मला केवळ आठवीच्या मागच्या बाकांमुळे ठाऊक होता. आजीसमोर लेक काय करणार? "तो रागावलाय," ती म्हणायची. पुढच्या वाक्याला, "अजून रागावलाय." त्याच्या पुढच्या लांबलचक ओळीला, "आजी, आता खूपच."

"मघापासून रागावलाच हाय," सासूबाई म्हणाल्या. "बीपी हाय का त्याला?"

मला हसू आवरेना. लेकीच्याही ओठाचा कोपरा हलला, मग माझं लक्ष आहे हे दिसल्यावर थांबला.

शेवटाकडे स्वयंपाकघरातलं भांडण आलं. आईला मुलीची भरलेली बॅग सापडते. मुलगी ओरडते. खाली तीन शब्द आले. त्यातले दोन शिव्या होत्या आणि तिसरा 'आई'.

लेक सांगू लागली. "ती म्हणतेय, तू गावातल्या सगळ्या पोरांना विचारतेस, काय शिकायचंय म्हणून. फक्त मला नाही विचारलंस. मी काय कायमची निघून चाललेय का? तुझ्याशी न बोलता मला राहवत नाही, पण सुरुवात दर वेळी मीच का करायची?"

"लॉन्ड्रीवाली कशाला गावाच्या पोरांना इचारंल?" सासूबाई म्हणाल्या.

दिरांनी शेंगदाण्यांची वाटी हळूच खाली ठेवली. पडद्यावर ती आई खिडकीकडे तोंड करून उभी होती, आमच्याकडे पाठ, आणि खाली एकही ओळ येत नव्हती.

"मंग आई काय म्हणली?" सासूबाईंनी विचारलं.

लेकीची मान ताठ, नजर टीव्हीवर. मुलांसमोर रोज उभं राहणाऱ्या बाईला कसाही करून आवाज काढता येतो.

"आई म्हणतेय," मी म्हणाले, "चुकलं माझं. विचारलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं. मला भीती वाटली. आता विचारते. आणि तुझं उत्तर मला माहीत आहे, तर उद्याची वाट बघू नकोस, आजच कळव."

सासूबाईंनी आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तिची तर पाठ हाय हिकडं. तोंड हाललेलं तुला कसं दिसलं गं?"

"बरोबर सांगतेय ती, आजी," लेक म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "असंच म्हणाली आई." आणि तिने रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला, तिकडे कुणीच काही बोलत नसताना.