चूलबंद आवतण

नोकरीची सगळी वर्षं मी एसटीच्या गाडीत 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत काढली. हिंगोली डेपोचा कंडक्टर होतो. भरलेल्या गाडीत आणखी माणूस कसा बसवायचा, हे मला विचारावं. निवृत्त होऊन गावी येऊन बसलो, तर कोरोना आला आणि गावानं मला समितीत घातलं. कशासाठी, तर लोकांना 'लांब सरका' म्हणण्यासाठी. सरपंच म्हणाले, तुमचा आवाज मोठा आहे. आवाज मोठा होता हे खरं, पण ऐकणारं कुणी नव्हतं हेही तितकंच खरं.

रेशनच्या दुकानापुढं मी स्वतः वाकून चुन्यानं गोल आखले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर एका गोलात चप्पल, दुसऱ्यात पिशवी, तिसऱ्यात पत्र्याचा रिकामा डबा. आणि या सगळ्या मालाचे मालक लिंबाखाली मांडीला मांडी लावून बसलेले. तंबाखू-चुन्याची डबी एकच, ती हातोहात फिरत होती. मी तिथंच तोंड सोडलं. त्यावर एक जण शांतपणे म्हणाला, "नंबर बराबर लावलेत की, कंडक्टरसायेब. चप्पल कुठं जाऊन राहिली?" कपाळावर हात मारून घरी आलो.

तरीही गाव भ्यालं होतं. वेशीत बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला होता. वारंगा फाट्याकडून पायी येणारी माणसं लांबूनच निघून जायची, त्यांच्यासाठी काट्यांच्या पलीकडं पाण्याची घागर आणि भाकरी ठेवलेली असायची. खोकला आला की माणूस गल्लीत चोरासारखा इकडं तिकडं बघायचा. आणि अशा दिवसांत आमच्या शेजारच्या वहिनींच्या पोरीचं लग्न आलं.

या वहिनी नात्याच्या नव्हेत, गावच्या नात्यानं वहिनी. पोरगी पाळण्यात होती तेव्हा नवरा गेला. बाईनं थोडीशी जमीन, थोडी हळद, थोडी तूर अशी ओढाताण करत पोरगी वाढवली, बारावीपर्यंत शिकवली. गावात कुणाचंही कार्य असलं की ही मायलेक जेवायला असायची, पोळ्या लाटायला तर आधीपासून. मला एकदा म्हणाल्या होत्या, "जलमभर लोकाच्या मांडवात जेवले, भावजी. माझ्या पोरीच्या लग्नात सगळ्या गावाला चूलबंद देणार. मग देवानं उचललं तरी तक्रार न्हाई."

चूलबंद म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात मोठं आवतण. घरटी एक माणूस नव्हे, घरचं सगळं माणूस जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. ज्याला चूलबंद दिलं त्यानं चूल पेटवली, तर तो देणाऱ्याचा अपमान. वहिनींनी शिमगा संपल्या संपल्या गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन अक्षता ठेवल्या. मी म्हणालो, लग्न वैशाखात आणि आवतण आत्तापासून? तर म्हणाल्या, "लई वर्षं थांबले, भावजी. आता दम निघत न्हाई." आमच्या गल्लीपासून विहारासमोरच्या गल्लीपर्यंत आणि वर माळावरच्या तांड्यावरही जाऊन आल्या. पायाला फोड आले, पण चेहरा असा की जणू लग्न हिचंच आहे.

पुढं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. लॉकडाऊन लागला. मुलाकडचे औंढ्याच्या बाजूचे, चांगले लोक. ते म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, मोजक्या माणसांत उरकून घेऊ. तहसीलमधून परवानगी आणली. वहिनी व्हय म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? फक्त आवतणाचं काय करायचं, हे त्यांना सुचेना. दिलेलं आवतण मागं घ्यायला पुन्हा त्याच उंबऱ्यांवर जायचं आणि 'येऊ नका' म्हणायचं, हे अवलक्षण. पाय उचलेना त्यांचा. मी समितीच्या थाटात सांगितलं, काही गरज नाही, लोकांना कळतं, टीव्ही सगळे बघतात. शिवाय घरोघर फिरायला बंदी आहे. त्यांनी मान हलवली आणि विषय तिथंच मिटला, असं मला वाटलं.

लग्नाच्या दिवशी वेशीतल्या काट्या बाजूला ओढून मुलाकडची जीप आत घेतली. नवरदेवाचे पाय धुवायच्या आधी मी त्याचे हात साबणानं धुवून घेतले. बिचाऱ्यानं दोनदा धुतले. अंगणात घरच्याच लुगड्यांचा मांडव होता. भटजींनी रुमाल बांधून मंगलाष्टकं म्हटली, त्यातले अर्धे शब्द रुमालातच राहिले. पण शेजारपाजारच्या घरांच्या धाब्यांवर बायामाणसं उभी होती, आणि 'सावधान' म्हटलं की वरून अक्षता यायच्या. त्यातल्या बऱ्याच माझ्याच डोक्यावर पडल्या. ऊन वर यायच्या आत पोरगी जीपमध्ये बसून गेली. गाडी वेशीबाहेर दिसेनाशी होईपर्यंत वहिनी दारात उभ्या होत्या.

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, भाकरी वाढ. पहाटे वहिनींकडं चहा झाला होता, त्यानंतर पोटात काही नव्हतं. ती पाटावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "भाकरी कुठली? आज चूलबंद हाय."

मला वाटलं गंमत करते. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर गॅस लख्ख पुसून त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. मी म्हणालो, अगं, लग्न झालं, पोरगी गेली, जेवण कसलं आणि आवतण कसलं? शिवाय हा गॅस आहे, चूल नाही.

"चुलीच्या जागी बसलाय म्हंजे चूलच. आन् आवतन काय वैनीनं मागं घेतलं व्हय? मला तर न्हाई कोणी सांगितलं."

वैतागून बाहेर आलो. समोरच्या घरी कुणी तरी जेवायला घालील, या आशेनं पाहिलं, तर तिथं लेकरं ओट्यावर गूळ-शेंगदाणे खात बसलेली. त्याच्या पलीकडं म्हातारी ताकावर होती. मान वर करून पाहिलं, तर सबंध गल्लीवर धूर नाही. मी तसाच चालत विहारासमोरच्या गिरणीपर्यंत गेलो. गिरणीवाला दारात खुर्ची टाकून बसला होता. विचारलं, "का हो, जेवलात का?"

"आज कुठलं जेवण? चूलबंद हाय ना."

"अरे पण लॉकडाऊनमध्ये पंगत कशी बसणार?"

"बसंल न बसंल, तो त्यांचा सवाल. चूल पेटवायची न्हाई, हा आपला सवाल."

दरेक घराला वाटत होतं की बाकीच्यांनी पेटवली असेल, पण आपण नाही पेटवायची. असं करत करत अख्खं गाव उपाशी बसलं होतं. असा घोळ आमच्याच गावाला जमतो. राग येत होता आणि हसूही येत होतं. आणि खरं सांगायचं तर छातीत कुठं तरी भरूनही येत होतं, पण ते मी कुणाला दाखवलं नाही.

वहिनींच्या दारात गेलो. ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या, डोळे पुसत. मी सांगितलं की असं असं आहे, मी देवळातल्या भोंग्यावरून सांगतो, चुली पेटवा म्हणून, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

बाई ताडकन उभी राहिली. "गाव उपाशी हाय? माझ्या आवतनावर?" चेहरा पांढराफटक पडला होता. "भोंग्यावर काही सांगू नका, भावजी. आज चूल पेटली तर माझं आवतन खोटं पडलं. मंग मी या गावात तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, पण एका जागी स्वयंपाक म्हणजे बाया गोळा होणार, गर्दी होणार, उद्या काही कमीजास्त झालं तर? त्या आत गेल्या. आतल्या खोलीचं दार उघडलं. लग्नासाठी निवडून ठेवलेला गहू पोत्यांत तसाच होता, घरच्या तुरीची डाळ होती, गूळ होता, तेल होतं. गाव जेवेल एवढं सगळं होतं, फक्त गाव बोलवायची सोय नव्हती. आम्ही दोघं त्या पोत्यांकडं नुसते बघत राहिलो.

तोड माझ्या बायकोनं काढली. ती पदर नाकाला लावून आमच्या कुंपणाशी उभी राहून सगळं ऐकत होती, ही तिची जुनी सवय. म्हणाली, "चूल बंद हाय. आर कुठं बंद हाय?"

आर म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव. अंगणात गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि त्या निखाऱ्यात जाड्याभरड्या कणकेचे गोळे भाजायचे, ते रोडगे. त्याला चूल लागत नाही, स्वयंपाकघर लागत नाही. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्यानं त्यानं भाजायचे. कणीक मात्र वहिनींच्या घरची. म्हणजे चूलही बंद राहिली आणि जेवण त्यांचंच झालं. गॅसला चूल म्हणणारी आणि विस्तवाला चूल न म्हणणारी ही बाई वकील व्हायची ती माझ्या घरी आली.

मग मी कामाला लागलो. पोती बैलगाडीत घालून गिरणीवर नेली. लाइट होती, हे त्या दिवसाचं खरं पुण्य. गिरणीवाल्यानं गहू जाडसर भरडून दिला आणि दळणाचे पैसे काढले तर अंगावर आला. दरेक दारात परात मांडून ठेवायची आणि आत जाऊन उभं राहायचं, असा हुकूम मी सोडला. गाडी गल्लीगल्लीनं फिरली, मी घरची माणसं विचारून मापट्यानं पीठ टाकत गेलो. तांड्यावर गेलो, तर तिथल्या बायांनी गोवऱ्या आधीच रचून ठेवल्या होत्या. बातमी माझ्या बैलांच्या पुढं पोचली होती. बाजार बंद म्हणून एकाची वांगी शेतातच पडून होती, तो वांग्यांचा ढीग वहिनींच्या अंगणात ओतून गेला. देवळातली मोठी पातेली आणून तिघाचौघांनी अंगणातच आर घालून त्यावर वरण आणि भाजी केली.

उन्हं कलली तसा दरेक अंगणातून गोवरीचा धूर निघाला. दिवस मावळायच्या सुमाराला लोक आपापल्या ओट्यावर ताटं घेऊन बसले. वाढपी चौघंच, तोंडाला उपरणं बांधलेले, बादल्या आणि लांब दांड्याचे पळे घेऊन गल्लीतून चालायचे आणि लांबूनच ताटात वरण सोडायचे. सबंध गल्लीची एक पंगत झाली होती, वळणापाशी वळणारी. मी गोल आखले तेव्हा कुणी त्यात उभं राहिलं नाही, आणि आज न आखता सगळे अंतर राखून बसले होते. तेवढ्यात तालुक्याची पोलीस जीप आली. जमादारानं खाली उतरून विचारलं, "काय चाललंय?"

"जेवण चाललंय, सायेब. ज्याच्या त्याच्या दारात," वाढप्यांपैकी एक म्हणाला.

त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कुठं बोट ठेवावं ते त्याला सापडेना. "चालू द्या," म्हणाला आणि गेला.

वहिनी गल्लीतून फिरत होत्या. हातात तुपाचं भांडं, तोंडावर पदर. दरेक दारासमोर लांब उभं राहून लांब दांडीच्या पळीनं फोडलेल्या रोडग्यावर तूप सोडायच्या, म्हणायच्या, "लाजू नका, घ्या अजून." सगळी गल्ली, मग पुढची, मग विहारासमोरची. तांड्यावर तर अंधार पडता पडता पोचल्या. मी मागं कंदील घेऊन होतो. परत आमच्या गल्लीत आलो तेव्हा सगळ्यांची जेवणं होऊन बराच वेळ झाला होता, हात वाळून गेले होते. पण ओट्यावरून एकही माणूस उठलेलं नव्हतं. लेकरं आयांच्या मांडीवर झोपली होती, तरी आया बसून होत्या.

मी म्हणालो, उठा आता, हात धुवा.

पलीकडची म्हातारी म्हणाली, "पंगतीत एक ताट राहिलं असताना कसं उठावं? तिचं कुठं झालंय?"

वहिनी थबकल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणी सोडून काही नव्हतं, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्या बायकोनं ताट वाढून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरली. त्या बसल्या. रोडगा फोडला, वरणात कुस्करला आणि घास तसाच हातात धरून राहिल्या.

"सगळे असे बघू नका ना," त्या म्हणाल्या. "घास उतरत न्हाई."

आम्ही तोंडं फिरवली. कुणी भिंतीकडं, कुणी आभाळाकडं. कुठल्या तरी ओट्यावरून कुणी तरी म्हणालं, "सावकाश होऊ द्या, वैनी." हे यजमानानं पाहुण्यांना म्हणायचं असतं. मग पलीकडच्या ओट्यावरून, त्याच्या पलीकडून, गल्लीच्या टोकापर्यंत तेच आलं.

त्यांनी सगळा रोडगा खाल्ला, वरून आणखी वरण मागून घेतलं, ताट बोटानं पुसून घेतलं. मग गल्ली उठली.