किती दिवसांचा कोळसा?

मेल आली तेव्हा मी आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारात सांबार निवडत बसले होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. बाकीच्या महाराष्ट्राने उगाच इडलीचा विचार करू नये. बारावीची परीक्षा संपली होती, नागपूरजवळच्या आमच्या कोराडीत एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं आणि मी रिकामी दिसले म्हणून आईने जुडी माझ्या हातात दिली होती. ओल्या हातानेच फोन उघडला, तर पहिल्याच ओळीत अभिनंदन.

मी ती मेल तीनदा वाचली. परदेशातल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश दिला होता. शिक्षण, राहणं, जेवण, जायचं विमानाचं तिकीट, शिवाय वर्षातून एकदा घरी यायचंही तिकीट, सगळं त्यांच्याकडून. तो अर्ज कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमनी मागे लागून भरायला लावला होता आणि मी तो केवळ त्यांची कटकट थांबावी म्हणून भरला होता. आनंद वगैरे काही झाला नाही मला. मी घाबरले. तिथूनच जोरात ओरडले, "आई!"

आई लाटणं हातात घेऊनच धावत आली. मी सांगितलं ते ऐकून ती उंबऱ्यावरच बसली. "कोणी चेष्टा तर नाही करून राहिलं न वं?" एवढंच म्हणाली.

बाबा पहिल्या पाळीवरून तीनच्या सुमारास घरी आले. पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये ते ऑपरेटर. बूट काढायच्या आधी आईने त्यांना बातमी दिली आणि बूट काढायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "लिंक दाबली काय तू? ओटीपी मागतला काय कोणी?" मग डायरी काढून त्यांनी आजची तारीख टाकली आणि लिहिलं, तीन वाजून वीस मिनिटं, मेल पाहिली. ड्युटीवर दर तासाला नोंदी करायची सवय. आमच्या घरी पाहुणे आले, गॅस संपला, मला ताप आला, सगळ्याची वेळेसकट नोंद आहे.

मेल खरी निघाली. मॅडमनी खात्री करून घेतली. आणि मग दुसरा धक्का बसला, तो त्यांच्या वेबसाइटवर. विद्यापीठ नवीन होतं. म्हणजे किती नवीन, तर आमचीच पहिली बॅच. इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर काढलेली होती. पाठीवर बॅग लावलेला एकच माणूस तीन वेगवेगळ्या चित्रांत चालत होता. मी ते बाबांना दाखवलं नसतं तर बरं झालं असतं, पण मला पोटात काही ठेवता येत नाही.

"नवीन?" बाबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "मंग नाही."

इथे बाबांच्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. माझ्या जन्माआधी विदर्भातच दुसरीकडे एक नवीन पॉवर हाऊस उभं राहत होतं आणि इथली काही माणसं तिकडे पाठवली होती. बाबा त्यांच्यात होते. त्या सहा महिन्यांच्या गोष्टींवर मी लहानाची मोठी झाले. नवीन युनिट कसं दर दोन दिवसांनी ट्रिप व्हायचं, म्हणजे धाडकन बंद पडायचं. पाइप कसे गळायचे. राहायच्या खोल्यांना दारंच नव्हती म्हणून चादरी कशा लावल्या होत्या. शाळेच्या निबंधात मी 'माझे वडील' लिहिलं तेव्हाही ती चादर होती. कॉलनीतलं काहीही नवीन, दुकान असो की सून, बाबा म्हणायचे, "थांबा. पहिले लोड घेऊ द्या तिले." लोड घेणं म्हणजे भार पेलणं. आणि ज्याने पाहिलंय त्याच्याशी वाद काय घालणार?

आईने घातला. आमच्या भिंतीवरच्या, निळा कोट आणि चष्मा घातलेल्या तसबिरीकडे लाटण्याने दाखवत ती म्हणाली, "ते तर बोटीनं गेले होते शिकाले. हिले विमानाचं तिकीट देऊन राहिले न!"

बाबांनी तसबिरीकडे पाहिलं. "ते विद्यापीठ जुनं होतं," ते म्हणाले.

आई लाटणं घेऊन आत गेली. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण उत्तर द्यायला वीस दिवस होते. नाही म्हटलं तर नागपुरातच इंजिनीअरिंग, कॉलनीच्या स्टॉपवरून सकाळची बस आणि संध्याकाळी परत. वाईट नव्हतं ते. कित्येकजणी जातात. पण मेल येईपर्यंत जे मला पुरत होतं, ते आता पुरेना. आणि बाबांच्या शब्दाबाहेर जायची मला सवय नव्हती.

मी हट्टाने व्हिडिओ कॉल ठरवला. म्हटलं, काय विचारायचं ते तुम्हीच विचारा. कॉल दुपारी होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि डायरीत प्रश्नांची यादी केली. पाणी कुठून येतं, लाइट गेली तर जनरेटर किती वेळात लोड घेतो, मुख्य माणूस सुट्टीवर गेला तर चार्ज कोणाकडे. पलीकडे एक हसऱ्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्या सगळ्याला नीट उत्तर देत होत्या. मग बाबांनी घसा साफ केला, मला हाताने बाजूला केलं आणि स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हाऊ मेनी डेज कोल स्टॉक?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंचा चेहरा कोरा झाला. त्यांनी विचारलं, कोळसा?

आमच्या कॉलनीत पोराटोरांनाही माहीत असतं की पॉवर हाऊसची तब्येत टनांत नाही, दिवसांत मोजतात. आज गाड्या यायच्या बंद झाल्या तर यार्डातल्या कोळशावर किती दिवस चालेल, हा प्रश्न. आई तांदळाबद्दलही तसंच बोलते, चार दिवसांचे आहेत. पण हे परदेशातल्या बाईंना कोण सांगणार? मीच सांगितलं, लाजेने लाल होत. म्हटलं, वडील विचारताहेत की तुम्हाला पैसा देणारे उद्या थांबले तर आहे त्यावर किती दिवस चालवाल?

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं, प्रश्न लिहून घेतला आणि म्हणाल्या, आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं, मलाही माहीत नाही, विचारून कळवते.

माझ्या डोक्यात तो प्रश्न जन्मात आला नसता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या बॅचची चारही वर्षं पुरतील एवढी रक्कम आधीच वेगळी काढून ठेवली होती. त्यापुढचं मी वचन देऊ शकत नाही, असंही त्या बाईंनी सरळ लिहिलं होतं. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "चार वर्षांचा स्टॉक," ते स्वतःशीच पुटपुटले. "एवढा तर कोणाच्याच यार्डात नसते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? पण नवीनच न."

माझं डोकं फिरलं. म्हणजे प्रश्न विचारायचे, उत्तरं बरोबर आली तरी नापास करायचं! मी दार आपटून बाहेर पडले. पण संताप ओसरल्यावर एक कल्पना सुचली. बाबांबरोबर त्या नवीन पॉवर हाऊसवर गेलेले एक काका होते. पुढे ते मोठ्या पदावर जाऊन रिटायर झाले आणि आता नागपुरात धरमपेठेत राहत होते. त्यांनी तर सगळं पाहिलं होतं. ते बाबांना म्हणाले असते, अरे जाऊ दे पोरीला, तर बाबांनी ऐकलं असतं. घरी न सांगता मी दुसऱ्या दिवशी बसने धरमपेठेत गेले.

काकांनी मला ओळखलं, पंख्याखाली बसवलं, काकूंनी पन्हं दिलं. मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. "जा न वं! विचारते काय?" ते म्हणाले. "मी गेलो होतो न तिकडे. पहिले सहा महिने नरक होता. खोल्याले दारं नव्हते, आम्ही चादरी लावल्या होत्या. पण जे शिकलो ते तिथंच शिकलो."

"हो, बाबांनी सांगितलंय," मी म्हटलं. "ते पण होतेच ना तुमच्यासोबत. तुम्ही त्यांना जरा सांगाल का?"

"तुझे बाबा?" काका म्हणाले. "तो कुठं आला होता बेटा! त्याचं नाव पहिलं होतं लिस्टमध्ये. साहेबानं स्वतः लिहिलं होतं. मी किती म्हटलं त्याले, चाल गा, दोघं असलो तर निभते. नाही म्हणे. मी सुट्टीत यायचो तं मलेच विचारायचा, सांग न, आज काय झालं तिकडे."

काकूंनी काकांना डोळ्यांनी खुणावलं, पण बोलणं होऊन गेलं होतं. मी काय उत्तर दिलं, कशी उठले, आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि मी कोराडीपर्यंत त्या चादरीचा विचार करत होते. अठरा वर्षं ती चादर मी डोळ्यांसमोर पाहत आले होते. तिच्यावर फुलं होती, निळी. ती फुलं मीच घातली होती, पण चादर बाबांची होती. आता ती काकांची झाली. मला फसवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बाबा क्वार्टरसमोर स्कूटर पुसत होते. आमच्याकडे रोज पुसावी लागते, सीटवर राखेचा थर बसतो. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही गेलाच नव्हता तिकडे," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. कोणी सांगितलं, काहून विचारते, असं काही त्यांनी विचारलं नाही. फडकं त्यांनी नीट घडी करून सीटवर ठेवलं. आई दारात आली होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, तिला माहीत होतं. पहिल्यापासून. त्या सगळ्या गोष्टी ती माझ्या शेजारी बसून ऐकत आली होती आणि मध्येच "मंग काय केलं तुमी?" असंही विचारत आली होती.

"का नाही गेलात?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या खिडकीत कोणीतरी होतं, असू दे.

"भेव वाटला," बाबा म्हणाले.

मी कारणांची वाट पाहत होते. आजी आजारी होती, घर लावायचं होतं, काहीतरी. काही आलं नाही. माझ्या वडिलांनी भीतीचं नाव उच्चारलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे न बघता, स्कूटरच्या आरशाकडे बघत बोलले, "इथलं युनिट चालू होतं. ओळखीचं होतं. तिकडचं कसं निघन, कोणाले माहीत. नाही म्हणून देलं. मंग हेच युनिट जुनं झालं न बंद केलं, तुले माहीतच आहे."

"मग मी काय करू?" राग होता की रडणं, मलाच कळत नव्हतं.

"मले नको विचारू," ते म्हणाले. "तू विचारशीन तं मी नाहीच म्हणीन. दहा बार विचारशीन, दहा बार नाही म्हणीन. म्हणून सांगून राहिलो, मले विचारूच नको."

त्यांनी फडकं उचललं आणि पुन्हा सीट पुसायला लागले. ती कधीच स्वच्छ झाली होती.

मी आत गेले आणि रडतच होकाराचं बटण दाबलं. विचारलं नाही. नंतर डायरी पाहिली, तर त्या तारखेला बाबांच्या अक्षरात फक्त वेळ लिहिलेली होती, सहा वाजून पाच मिनिटं. पुढे काही नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, माझा हुंदका बाहेर गेला असणार.

पहिलं वर्ष कसं गेलं ते मी दर रविवारी फोनवर सांगायचे. ग्रंथालयात रॅक होते, पुस्तकं नव्हती. हॉस्टेलच्या नळाला आठवडाभर पिवळं पाणी आलं. फिजिक्सचे सर तिसऱ्या महिन्यात सोडून गेले. थंडीत मी दोनदा परत यायची भाषा केली, रडले. बाबा सगळं ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "ट्रिप झालं का चालू आहे?" मी म्हणायचे, चालू आहे.

उन्हाळ्यात घरी आले. एका संध्याकाळी पाण्याची बाटली घेऊन बाहेर येत होते, तर फाटकाशी बाबांचा आवाज. ड्युटीवरचे एक जण उभे होते. त्यांच्या मुलीला पुण्याला पाठवावं की नाही, असं काहीतरी चाललं होतं.

"अरे, पाठव बिनधास्त," बाबा सांगत होते. "पहिल्या वर्षी लायब्ररीत पुस्तकंच नव्हते. नुसते रॅक. आपण म्हटलं, चालते, येतीन. नळाले पिवळं पाणी येऊन राहिलं होतं, आपण तशीच आंघोळ केली. थंडी तं अशी का..."

मी दारातच थांबले. विदर्भाबाहेर कधी न गेलेला हा माणूस हातवारे करून बर्फ दाखवत होता. तेवढ्यात त्याने मान वळवली आणि मला पाहिलं. हात हवेतच राहिला. चेहरा असा पडला की मागच्या वर्षी स्कूटरपाशीही पडला नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "ते फिजिक्सचे सर सोडून गेले, ते सांगा न."

बाबा त्या गृहस्थांकडे वळले आणि त्यांनी तेही सांगितलं.