मधले चार सेकंद

स्टुडिओत तिला सगळे कासवबाई म्हणायचे. तिला त्याचा राग येत नसे, कारण खरंच होतं ते! दिवसभर मान मोडून काम करावं, तेव्हा पडद्यावर दोन-तीन सेकंद. वीतभर उंचीचा, आत तारेची हाडं असलेला केसाळ राक्षस टेबलावर मांडायचा, जरासा हलवायचा, फोटो घ्यायचा, परत हलवायचा. असे चोवीस फोटो झाले की एक सेकंद. सिनेमात मात्र तोच बाबा डोंगराएवढा दिसायचा.

या खेपेला जखमी राक्षसाला उठवायचं होतं. एरवी ती स्टॉपवॉच घेऊन आधी स्वतःच तसं करून बघायची. पण तिचे गुडघे ठणठणीत, उठणं काही केल्या खरं वाटेना. मग तिने सरळ चोरी केली. घरी नवरा खुर्चीतून उठू लागला की ही खिशातल्या खिशात घड्याळ दाबायची.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची डावी बाजू गेली होती. लोक टक लावून बघतात म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसे. आणि आपण त्याचंच उठणं गावाला दाखवायला निघालो! तो नको म्हणाला तर चार दिवसांचं काम पुसून टाकायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळी तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. नऊ सेकंदांचं काम. त्याने तीनदा पाहिलं.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"हो. चुकलंच माझं. तुम्ही म्हणाल तर काढून टाकते."

"चुकलंय तर खरंच. मी मध्ये थांबतो, ते कुठंय?"

"अहो, बाहुली थांबली की मेल्यासारखी दिसते. आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात हे."

"मग मी काय रोज मरतो का?" तो उखडला. "काढ ते घड्याळ बाहेर. आठवडाभर टिकटिक ऐकतोय मी. बहिरा नाही झालेलो अजून!"

त्याने उजवा हात टेकला, अर्धा उठला आणि थांबला. नेमक्या याच वेळी ती रोज नजर फिरवायची. आज तिने बघितलं. पोट वरखाली होत होतं, दातावर दात घट्ट होते, डोळे दारावर होते. हलत काही नव्हतं, पण माणूस सगळा कामाला लागला होता. मग तो उठला.

"किती झाले?"

"थांबण्याचे चार सेकंद. म्हणजे आणखी शहाण्णव फोटो. नुसतं पोट हलवायचं, केसभर."

"घे मग. आणि सिनेमा लागला की मला ने. कडेची खुर्ची बघ."

तिने लॅपटॉप मिटला.

"आणि संपल्यावर घाई करू नकोस," तो म्हणाला. "मला उठायला तेरा सेकंद लागतात."