धावडा नकाशावर आणण्याचा उपद्व्याप

आमच्या धावड्यात गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवत नाहीत. पाहुणा आला की इंजिन बंद होतं, पाहुणा निघाला की सुरू होतं, आणि नुसत्या आवाजावरून गल्लीला कळतं की कुणाच्या घरी चहा टाकायचा आणि कुणाचा वाचला. इतकी साधी रीत! ती मी मोडली माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी.

सुमार दोन हजार आठ-नऊचा. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, पण रेखाचा साखरपुडा गावी, घरासमोर मांडव घालून करायचं ठरलं. (आमच्या घरात ‘ठरलं’ म्हणजे आईनं ठरवलं.) मुलाकडची मंडळी पिंपळगाव रेणुकाईची, म्हणजे तशी शेजारचीच. त्यासाठी आदल्या दिवशी पुण्याहून माझी अक्का आणि दाजी आले, ते दाजींच्या नव्या चंदेरी गाडीतून.

गाडी पाहून मी तर तिला दोन प्रदक्षिणाच घातल्या. रेडिओच्या जागी एक पडदा होता, त्या पडद्यावर रस्ता होता, रस्त्यावर एक बाण होता आणि आत कुठंतरी एक बाई होती. ती दिसत नसे, पण सगळं जाणत असे. दाजी म्हणाले, “पुण्यापासून मी एकालाही रस्ता विचारला नाही.” बबननं, म्हणजे माझ्या चुलत भावानं, पडद्यामागं वाकून पाहिलं. “बाप रे अण्णा, हिला झोप बी येत नसंल का?”

“पण ह्याच्यात आपलं गाव कुठंय?” आईनं विचारलं.

दाजी हसले. “भोकरदनपर्यंत बाईनं छान आणलं हो. पुढं ती गप्पच झाली. बाण नुसता कोऱ्या जागेत पोहत होता. तुमचं धावडा काही नकाशात नाही.”

आई चमकली. “न्हाई? माझी सारी हयात हितं गेली, आन् ती म्हंती न्हाई?”

“बाई नाही म्हणत, आई. नकाशा जुना आहे. नवीन डिस्क आलीय माझ्याकडं, पण शोरूमला गाडी न्यायला सवड कुठं?”

आणि इथं मी तोंड उघडलं. “त्यात शोरूम कशाला? मी टाकतो ना!”

माझ्या आत्मविश्वासाला आधार होता. कारखान्याच्या ऑफिसात एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून सगळे मला कॉम्प्युटरमधलं कळतं असं समजत, आणि हळूहळू माझाही तसा समज झाला होता.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून डिस्क आत सरकवली. पडद्यावर एक लांबट पट्टी उमटली आणि तिच्या डाव्या टोकाला मुंगीएवढी निळी रेघ, शेजारी टक्क्यांचा आकडा. सोबतच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं की काम पुरं होईपर्यंत इंजिन बंद करू नये, केल्यास यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं.

दाजींनी ते वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. “मधुकरराव, हे बंद पडलं तर मी अक्काला घेऊन तसाच पुण्याला निघेन हं. जेवणारसुद्धा नाही!”

ही धमकी पोकळ नव्हती. दाजी रुसण्यात तरबेज. माझ्या लग्नात टॉवेल लहान मिळाला म्हणून ते दिवसभर बसस्टँडवर बसले होते. आणि अक्का गेली तर रेखाला पाटावर कोण बसवणार? आत्याशिवाय आमच्याकडं मुलगी पाटावर बसत नाही. थोडक्यात, लेकीचा साखरपुडा आता त्या निळ्या रेघेवर टांगलेला होता.

आईला मात्र इंजिन बंद न करण्याची अट पहिल्या फटक्यात समजली. “म्हंजी नवरात्रातल्या दिव्यावानी! इझू द्यायचा न्हाई.” तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढं नारळ ठेवला आणि गाडीपाशी कुणी ना कुणी बसलंच पाहिजे असा हुकूम काढला. पाळ्या लागल्या. मांडवाचे खांब रोवणारी माणसं येता-जाता काचेतून डोकावू लागली.

“किती झालं?”

“बावीस.”

“मघाशी बी बावीसच व्हते की!”

“सावकाश खेळून राह्यलाय. विकेट सांभाळतोय.”

शेजारचे रहीमभाई ट्रॅक्टर बाजूला लावून आले. “क्या हुआ मधुकर? गाडी को बुखार आया क्या?” मी त्यांना सांगितलं की आत या घडीला देशभरातली गावं भरली जातायत. रहीमभाईंनी चप्पल काढली आणि मगच आत डोकावले. त्यांना कुणी हसलं नाही. खरं सांगतो, मीही मघाशी चप्पल काढूनच बसलो होतो.

माझ्या हिशेबानं पाहुणे यायच्या आत काम उरकणार होतं. पण रेघ साठाच्या आसपास रेंगाळली आणि पाहुणे हौसेनं लवकर निघाले. दोन जीप दारात थांबल्या. व्याही भास्करराव उतरले, पांढरा फेटा, हातात पानाचा डबा. त्यांनी रामराम केला आणि त्यांची नजर धडधडणाऱ्या गाडीवर गेली.

“कुनी निघालंय का?”

“न्हाई न्हाई! या, बसा ना.”

“मंग चालू कामून हाय?”

“ती... बंद करता येत न्हाई.”

“बिघडली?”

“बिघडली न्हाई. बंद केली तर बिघडंल.”

भास्कररावांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पोरगी बापावर गेली नसू दे अशी ते मनातल्या मनात प्रार्थना करत असावेत. मुलाचे मामा मागून पुढं आले. हे मामा प्रत्येक लग्नात असतात. ते भास्कररावांना म्हणाले, “भाऊजी, मला बराबर समजलं. आपण आलो न्हाई तर ह्यांनी गाडी चालू करून ठेवली. आपल्याला जल्दी वाटंला लावायचा बेत दिसतोय!”

झालं! भास्करराव मांडवाच्या तोंडाशीच थांबले. सतरंजीवर पाय ठेवीनात. चहाचे कप आले आणि भरलेलेच परत गेले. माझी बायको पदर खोचून आली आणि दातांआडून म्हणाली, “अहो, बंद करा ती गाडी!”

“बंद केलीत तर मी निघालो!” दाजी कडाडले.

“चालू ठेवली तर आम्ही निघालो!” मामा गरजले.

एकीकडं मानाचा जावई, दुसरीकडं मानाचे व्याही, आणि मधे मी, हातात पुस्तिका! त्या पुस्तिकेत सगळ्या अडचणींवर उपाय होते, पण व्याही रुसल्यास काय करावे, हे छापायचं राहून गेलं होतं. शेवटी मला एक ओळ सापडली की काम चालू असताना गाडी चालवता येते. मी ओरडलो, “थांबा! गाडी बंद न्हाई करत, नजरेआड करतो!”

दाजी मानाचे जावई, मांडव सोडून येऊ शकत नव्हते. “तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच बसा,” म्हणाले. म्हणून मी बसलो. अंगात नवा सफारी, कपाळावर गंध, अशा थाटात मी गाडी नववधूच्या चालीनं काढली आणि विहिरीपलीकडच्या लिंबाखाली नेऊन उभी केली. आवाज मांडवापर्यंत पोचेना. पाहुणे सतरंजीवर टेकल्याचं लांबून दिसलं. मी सुटकेचा निःश्वास टाकून पट्टीकडं पाहत बसलो.

आणि काय सांगू, पाहता पाहता मी हरवलोच. मी काही हलवत नव्हतो, हात लावत नव्हतो, आणि एका चकचकीत तबकडीतून गावंच्या गावं या गाडीच्या पोटात उतरत होती. ओढे, पूल, चौफुल्या, शाळा! कुणी तरी हे सगळं फिरून पाहिलं असेल. आमच्या चिखलातून गाडी घालून गेला असेल एखादा. कुणी त्याला पाणी तरी विचारलं असेल का?

बबन धावत आला. “अण्णा, भटजी बोलवतेत! पत्रिका वाचायची हाय.”

“आलोच. नव्वद झालेत.”

“नव्वद?” बबननं दार उघडलं आणि मागं बसला. गेला नाही.

बबनला शोधत रहीमभाई आले. “अरे चलो, सब राह देख रहे.” त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि बबनला सरकायला सांगितलं. त्यानंतर आमचा खरपूस समाचार घ्यायला मामा आले. ते काचेवर बोट आपटून बोलू लागले, “ही काय रीत झाली का? पोरीचा बाप...” मधेच थांबले. “सत्त्याण्णव म्हंजी शंभरातले का?” मामा मागच्या सीटवर मावले नाहीत, तर दारातच वाकून उभे राहिले.

शेवटी खुद्द भास्करराव आले. मांडवातून एकेक पुरुष विहिरीकडं जातो आणि परत येत नाही, हे पाहून त्यांना काळजी वाटली असणार! मी घाईघाईनं त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि सगळं सांगितलं, दाजींचं, आईचं, धावडा नकाशात नसल्याचं. ते ऐकून घेत म्हणाले, “अस्सं व्हय? आन् आमचं पिंपळगाव?”

“ते बी नव्हतं.”

भास्कररावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “मंग बसतो.”

पेट्रोलचा दिवा लागला. नव्व्याण्णव. मांडवातून स्पीकरवर भटजींचे मंत्र येऊ लागले, पण आमच्या कानापर्यंत येऊन ते परत जात होते. शंभर! आणि पडदा काळा ठिक्कर झाला.

“गेली,” मामा पुटपुटले.

दाजी, अक्का, पाट, रेखा, सगळे एका रांगेत डोळ्यांपुढून गेले. मी काही न करता तसाच बसून राहिलो. (करायचं काय, हे मला माहीत नव्हतं म्हणून!) मग काळ्यातून राखाडी झालं, राखाडीतून हिरवं. बाण उगवला. बाणाच्या शेजारी इंग्रजी अक्षरं उमटली, आणि बबननं ती एकेक करून वाचली. धावडा.

खाली थोड्या अंतरावर आणखी अक्षरं आली. भास्कररावांनी बोट पुढं केलं, पण पडद्याला टेकवायचा धीर झाला नाही. “ह्ये... आमचं?”

“तुमचं.”

दोन्ही गावांच्या मधून एक बारीक पिवळी रेघ गेली होती. ज्या रस्त्यानं ते सकाळी धूळ खात आले, तोच. आम्ही दोघं बाप तिच्याकडं पाहत राहिलो. तिच्यावरून माझी रेखा जाणार होती. एवढीशी तर होती ती रेघ! भास्कररावांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. “पाव्हणं,” ते म्हणाले, “लई लांब न्हाई पोरगी.” मी सफारीच्या बाहीनं पडद्यावरची धूळ पुसली.

आम्ही सगळे मिरवणुकीनं मांडवात परतलो. मी दाजींच्या हातात किल्ली ठेवली, दाजींनी मला मिठी मारली, भास्कररावांनी दाजींना मिठी मारली. मग आमच्या लक्षात आलं की पाट रिकामा आहे, रेखाच्या बोटात अंगठी आहे आणि भटजी दक्षिणा मोजतायत.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” बायको म्हणाली. “मुहूर्त थांबंना. आत्यानं पाटावर बसवलं, तिच्या सासूबाईंनी कुंकू लावलं. दोन्ही बाप नकाशात होते!”

रेखा हसली, म्हणून मी वाचलो. पण हसल्यानं पोट भरत नाही, तेव्हा मी पंगतीकडं वळलो. तिथं मुलाची मावशी उभी होती. सकाळी मला गाडी हाकताना तिनं पाहिलं होतं आणि मांडवात तर मी तिला दिसलोच नव्हतो. ती मायेनं म्हणाली, “ड्रायव्हर भाऊ, तुम्ही तिकडं बसा, जीपवाल्यांसोबत.” माझ्या पोटात कावळे इतके ओरडत होते, की खुलासा करत बसायला वेळ नव्हता. मी बसलो. बुंदी फक्कड झाली होती. दुसऱ्यांदा हात पुढं केला, तर भोकरदनहून आणलेला वाढपी पातेलं घेऊन पुढं सरकला आणि म्हणाला, “ड्रायव्हरला एकदाच. पोरीच्या बापाचा हुकूम हाय!”