गिऱ्हाईक कुठलं?

बैलाला एक्सेल साइज असते, असं मी एकेकाळी छातीठोकपणे सांगत होते. नुसतं सांगत नव्हते, त्याचा तक्ता करून दुकानाच्या ऑनलाइन पानावर लावला होता. एस, एम, एल, एक्सेल आणि पुढे इंचांतली मापं. गोऱ्ह्याला एस, खिलारी बैलाला एल. आज तो तक्ता आठवला की माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

दुकान माझं नव्हे. जुन्नरच्या बाजारात एका चाचांचं आहे. त्यांच्या घरात तीन पिढ्या बैलांचा साज करतात. म्होरक्या, गोंडे, घुंगुरमाळा आणि कंडे. कंडा म्हणजे बैलाच्या गळ्यात घालायचा रंगीत सुताच्या पिळाचा जाडजूड पट्टा, त्याला घुंगरं आणि लोकरीचे गोंडे. माझं माहेर आंबेगावातल्या पेठचं. दर पोळ्याच्या आधी वडील त्या दुकानात यायचे आणि मी त्यांचा सदरा धरून मागे. पुढे लग्न होऊन जुन्नर तालुक्यातल्याच निमगाव सावाला आले, पुण्यातली नोकरी सुटली आणि घरी बसून करायचं काय म्हणून मोबाइलवर ऑनलाइन विक्रीचा एक कोर्स केला. कोर्स झाला, पण विकायला काही नव्हतं. चाचांच्या दुकानात मात्र छताला कंडे लटकत होते आणि समोर नायलॉनचा तयार माल विकणारी दोन दुकानं उघडली होती.

मी चाचांना म्हणाले, "तुम्ही फक्त बनवा. विकायचं माझ्यावर सोडा."

चाचा सूत पिळता पिळता हसले. "इक बाई. नाय तरी मला आता बाजार-बाजार हिंडवत न्हाई."

पहिला महिना मी कोर्समध्ये सांगितलं तसं सगळं केलं. पांढऱ्या कापडावर कंडा ठेवून फोटो काढले. ते फोटो इतके स्वच्छ होते की कुणी ढुंकून बघेना. मग वैतागून एक कंडा शेजाऱ्यांच्या बैलाला घातला, सकाळच्या उन्हात, शेणाच्या पोहासकट फोटो काढला आणि त्या दिवशी फोन थांबेना. लोकांना कंडा बघायचाच नव्हता, कंडा घातलेला बैल बघायचा होता. एवढी साधी गोष्ट कळायला मला महिना लागला.

ऑर्डरी आल्या, पण मापाचं घोडं अडलं. तक्ता पाठवला की समोरून उत्तर यायचं, "आमचा बैल लई मोठा हाय." किती मोठा, तर "लईच मोठा". दोन कंडे परत आले. एक तर शिंगांवरून पुढेच जाईना. मी चाचांसमोर रडकुंडीला आले तेव्हा ते म्हणाले, "फोटू नगं. बैल पाणी पितानाचा व्हिडिओ मागव."

"पाणी पितानाचाच का?"

"मान खाली घातली की कंडा पुढं सरतो. ढिला आसला तर शिंगात येतो, आवळ आसला तर घोट उतरत न्हाई. उभ्या बैलाचं माप म्हंजी फसवणूक."

पहिला व्हिडिओ आला. चाचांनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पाच वीत, दोन बोटं." मी हसले. मला वाटलं, गंमत करतात. तर म्हणाले, "ती बादली रोजच्यातली हाय. तिचं तोंड एक वीत चार बोटं. तिच्याजवळ मान आली का न्हाई? मग झालं की माप." कंडा गेला आणि तिकडून निरोप आला, जणू अंगावर शिवला होता असा बसला. मी थक्क झाले. एका माणसानं बादलीच्या तोंडावरून शेकडो कोसांवरच्या बैलाची मान मोजली होती आणि मोजून झाल्यावर चहा मागितला होता. तक्ता मी त्याच दिवशी काढून टाकला.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थक्क झाले तरी मी शहाणीच होते. ऑर्डर आली की मी चाचांना कागदावर माप आणि रंग लिहून द्यायचे. चाचा दर वेळी विचारायचे, "गिऱ्हाईक कुठलं?" आणि मी दर वेळी म्हणायचे, "चाचा, ऑनलाइनमध्ये कुठलं याला महत्त्व नसतं. सगळा महाराष्ट्र एकच बाजार." दोन-चार वेळा विचारून त्यांनी विचारणं सोडलं. आणि कोर्समध्ये शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला ठाम हमी द्या, म्हणून प्रत्येक फोटोखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोळ्याआधी घरपोच, हमखास.

श्रावण लागता लागता अमरावतीकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला. त्यांना कंडा एकच हवा होता. कंडे जोडीनं जातात, म्हणून मी विचारलं, "दादा, एकच?" तर त्यांनी आवाजी निरोप पाठवला. "जोडीतला एक उन्हाळ्यात गेला ताई. हा बी थकला आता. याचा हा शेवटचाच पोळा हाय, तं साज चांगला पायजे." निळा आणि पिवळा रंग त्यांनी सांगितला. मी ऑर्डर घेतली आणि कागद गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला. पोळ्याला बक्कळ वेळ होता.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, कंडा निंघाला काय जी? शुक्रवारी पोळा हाय ना."

मी हसून म्हणाले, "दादा, पोळ्याला अजून महिना आहे."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "अमावस्या तं शुक्रवारीच हाय ना ताई." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "ठीक हाय. नसन झालं तं राहू द्या. तसाच उभा राहीन मंग बैल बिचारा."

फोन ठेवून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. श्रावणातल्या अमावास्येच्या चौकटीत 'पोळा' असं स्वच्छ छापलं होतं. दरवर्षीच छापलेलं असतं. पण आमच्या जुन्नर-आंबेगावात पोळा भाद्रपदात. छापील पोळा आम्ही पाळत नाही, म्हणून त्या चौकटीकडे बघायचं नाही अशी सवय मला लहानपणापासूनची. उभ्या महाराष्ट्राला हमखास म्हणून हमी देणाऱ्या बाईला महाराष्ट्रात पोळे किती हेच ठाऊक नव्हतं! मला माझीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेले ती पैसे परत करण्याचा निरोप मोबाइलवर लिहूनच. माफी, परतावा, पुढच्या वेळी सवलत. चाचांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं?"

"अमरावतीकडचं."

"मग त्यांचा पोळा श्रावणातलाच की." हातातलं सूत खाली ठेवून ते म्हणाले, "आधी कोल्हापूर-सांगलीकडचा बेंदूर, आषाढात. मग श्रावणाच्या अमावस्येला इदर्भ, मराठवाडा, नाशिक. सगळ्यात शेवट आपला, भादव्यात. माझा बाप त्याच वळणानं गाठुडं घिऊन हिंडायचा. उरला माल घरी यिऊन खपायचा. म्हून तर मी तुला दर बारीला इच्यारत व्हतो."

कोर्समध्ये मी हंगामाचं नियोजन नावाचा आख्खा धडा शिकले होते आणि ज्याला एका दिवसाचा सण समजत होते तो या माणसाच्या डोक्यात अडीच महिने गावोगाव चालत होता. नमाजाच्या वेळा जितक्या पाठ, तितक्याच हिंदूंच्या अमावास्या पाठ. आणि मी त्यांना सांगत होते की कुठलं याला महत्त्व नसतं!

मी म्हणाले, "चाचा, मी पैसे परत करते."

"पैसं परत केल्यानं पोळा परत यिल का? त्या बैलाला दुसरा पोळा न्हाई. व्हिडिओ मागव."

व्हिडिओ आला. पांढरा, हाडं वर आलेला म्हातारा बैल, संथपणे पाणी पीत होता. चाचांनी तो तीनदा पाहिला आणि म्हणाले, "पाच वीत कमी एक बोट. मान सुकलीया." मग म्हणाले, "त्यांचा तो वरचा गोल फोटू मोठा कर." त्या शेतकऱ्यानं आपल्या चेहऱ्याच्या जागी बैलजोडीचा जुना फोटो लावला होता. दोन्ही बैल शेजारी शेजारी, पुढ्यात तो स्वतः. चाचा करंगळीचं नख पडद्यावर ठेवून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, रंग जुळवतात.

एका कंड्याला त्यांना पुरा एक दिवस लागतो. सोमवारी मी समोर बसून तो दिवस पाहिला. पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून पीळ देणं, पिळावर पीळ चढवणं, प्रत्येक घुंगरू कानाशी हलवून मगच ओवणं. दोन घुंगरं त्यांनी बाजूला टाकली. मला त्यांच्या आवाजात काही फरक कळला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारा बैल हळू चालतो. त्याला हलक्या चालीवर वाजणारं लागतं." असल्या माणसापुढे आपण विक्रीचं शहाणपण पाजळत होतो, या विचारानं मला कानकोंडं झालं.

संध्याकाळी कंडा जवळजवळ झाला होता. मंगळवारी सकाळपासून मी कुरिअरच्या दारोदार हिंडले. सगळ्यांचं एकच उत्तर, पाच-सहा दिवस. दुपार कलल्यावर हात हलवत परत आले, तेव्हा चाचा पांढऱ्या कापडात पार्सल शिवून बसले होते. मी उचललं. बरंच जड होतं. घुंगरांचं वजन असेल, असं मला वाटलं.

पार्सलबरोबर पाठवायला मी छापील कार्डं करून घेतली होती. सवयीनं एक काढलं. चाचांनी विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचायला लागले, "आभारी आहोत. पुढच्या पोळ्याच्या खरेदीवर..." आणि वाचता वाचताच थांबले. मी ते कार्ड पर्समध्ये टाकलं. ती सगळी कार्डं पुढे चुलीत गेली.

"आता पाठवायचं कसं?" मी विचारलं.

"टमाट्याबरुबर," चाचा म्हणाले आणि टोपी घालून उठले.

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला आले. क्रेटांच्या थप्प्या चढत होत्या, देशभरचे ट्रक रांगेत लागले होते. या मार्केटच्या बाजूनं मी आयुष्यभर ये-जा केलेली, पण इथला टोमॅटो दुसऱ्या दिवशी नागपुरात विकला जातो, म्हणजे इथून नागपूरला रोज गाडी जाते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चाचा रांगेतून विचारत गेले, "नागपूर कोण? अमरावतीवरून कोण?" एका ड्रायव्हरनं हात वर केला. चाचांनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. बैल, शेवटचा पोळा, पार्सल उतरवायचा हायवेवरचा ढाबा, शेतकऱ्याचा नंबर. मी पैसे काढले, तर ड्रायव्हर म्हणाला, "ठेवा ताई. बैलाचं हाय म्हणल्यावर कसलं पैसं?" आणि पार्सल त्यानं केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी अमरावतीहून निरोप आला, मिळालं. एवढंच. मी लगेच चाचांना फोन केला. ते म्हणाले, "मिळालं ठीक. बसलं का बघू."

शुक्रवारी दुपारी मी दुकानातच होते. व्हिडिओ आला. मी चाचांच्या शेजारी बसून तो लावला. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल आणि सुकलेल्या मानेत निळा-पिवळा कंडा. बैल दोन पावलं चालला आणि घुंगरं वाजली. खरंच वाजली, त्या हळू चालीवर! शेतकऱ्याचा हात पुढे आला, कंड्याखाली दोन बोटं सरकवून त्यानं दाखवली. चाचांनी मान हलवली.

मग मोबाइल तिकडं हळूच बाजूला वळला. शेजारी रिकामी जागा होती. सारवलेली, रांगोळी काढलेली. तिथल्या खुंट्यावर तसाच दुसरा निळा-पिवळा कंडा घातला होता आणि त्याच्यासमोर पुरणपोळीचं ताट होतं. शेतकऱ्याचा आवाज आला, "दोघं बी सजले जी."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी चाचांना विचारलं, "दुसरा कधी केलात?"

"सोमवारी रातच्याला बसलो. मंगळवारी तू कुरिअरकडं गेल्यावर पुरा केला."

"पण मेलेल्या बैलाचं माप?"

"जित्याचं ठावं व्हतं. फोटूत मेलेला त्याच्या शेजारीच उभा हाय. एक बोट जास्त." मग जरा अवघडून म्हणाले, "कंडा एकटा देत न्हाईत, पोरी. जोडीनंच देत्यात."

तो व्हिडिओ मी कुठंच टाकला नाही. टाकला असता तर माल तुफान खपला असता, हे मला कोर्स न करताही कळतं. आजकाल बचत गटाच्या बायका मला ऑनलाइन धंद्यावर बोलायला बोलावतात. मी त्यांना उजेडातल्या फोटोचं सांगते, मापाचं सांगते, खोटी हमी देऊ नका म्हणते. पण सगळ्यात आधी सांगते की समोरच्याला गाव विचारा.

त्या दिवशी मी डोळे पुसत होते, तेव्हा चाचांनी पायाच्या अंगठ्यात नवं सूत अडकवलं होतं. गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"चल, सांग. गिऱ्हाईक कुठलं?"

मी कागद हातात घेतला. माप होतं, रंग होता. गाव मी लिहिलंच नव्हतं. मी फोन उचलला आणि विचारलं.